गाणं कुणाचं?

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत लहान मुलांची गाण्याची स्पर्धा होती आणि परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर मी होते. मला गाणं कळतं म्हणून नव्हे. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि कुणाला नाही म्हणत नाही, म्हणून. सातव्या नंबरला नऊ वर्षांची एक मुलगी आली. जरीचं परकर-पोलकं, वेणीवर गजरा. कुणाच्या तरी मोबाइलवरून स्पीकरवर कराओकेचा ट्रॅक सुरू झाला आणि पोरीनं पहिल्याच ओळीत मांडव गप्प केला. सूर पक्का. दुसऱ्या कडव्यात मूळ गायिका जिथं श्वास घेते, तिथंच हिनं घेतला. ती जिथं किंचित हसल्यासारखं करते, तिथं हीही हसली. पाण्याच्या पिंपाशेजारी उभी राहून तिची आई हातानं एकेक जागा दाखवत होती.

बक्षीस तिलाच जाणार हे उघड होतं. गुण लिहिता लिहिता मी सहज विचारलं, "छान गायलीस गं. कुणाचं आहे हे गाणं?" तिनं टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या एका मुलीचं नाव सांगितलं. आई ओशाळली. "अगं, लताबाईंचं!" आमच्या शेजारच्या खुर्चीवरचे काका पुटपुटले, "आणि चाल कुणाची?" त्यावर आम्हा परीक्षकांतच दोन मतं पडली. कवी कोण, हे मांडवात कुणालाच आठवेना. शेवटी फोन काढून बघितलं.

मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिनं ते गाणं जिच्या तोंडून ऐकलं, तिचं नाव सांगितलं. पण ते उत्तर माझ्या डोक्यात तेव्हापासून ठाण मांडून बसलंय. टीव्हीवरच्या या स्पर्धांबद्दल आपण वर्षानुवर्षं जे भांडतो, ते सगळं दुसऱ्याच गोष्टीवरून भांडतो असं मला वाटायला लागलंय. मुलांवर ताण येतो, परीक्षक खोटं कौतुक करतात, गरिबीचं भांडवल होतं, एसेमेसचे पैसे कुणाच्या खिशात जातात, हे सगळे मुद्दे रास्तच. पण एवढी वर्षं एवढ्या मोठ्या संख्येनं गाणारी मुलं आपल्यासमोर आली आणि त्यांच्यासाठी नवी गाणी जवळजवळ झालीच नाहीत, याबद्दल आपण कधी तोंड उघडलेलं नाही.

मराठी घरात 'लिटिल चॅम्प्स' म्हटलं की एकच पर्व डोळ्यांसमोर येतं. झी मराठीवर २००८ च्या पावसाळ्यात 'सा रे ग म प'चं ते मुलांचं पर्व सुरू झालं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये संपलं. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रसंचालक. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत. अंतिम फेरीतली ही पाच नावं आजही लोक एका दमात म्हणतात. मुग्धाला 'मॉनिटर' म्हणायचे, प्रथमेशला 'मोदक', आणि ती टोपणनावं वर्गावर्गांतल्या पोरांना चिकटली. आमच्या घरी तेव्हा सासूबाई होत्या. कार्यक्रमाच्या वेळेला फोन आला तर त्या उचलायच्या आणि "आत्ता नको" एवढंच म्हणून ठेवून द्यायच्या. समोर कोण आहे, हेही विचारायच्या नाहीत.

ते पर्व मला मनापासून आवडलं होतं, हे सांगून टाकते. नाहीतर हा लेख नाक मुरडणाऱ्या बाईचा वाटेल. मुलं तयारीची होती. लातूरचा मुलगा आणि कोकणातला मुलगा यांचे उच्चारसुद्धा वेगळे होते आणि कुणी ते घासूनपुसून एकसारखे केले नव्हते. कमलेश भडकमकरांचा वाद्यवृंद तर असा होता की घराघरांत पहिल्यांदाच साथीदारांची नावं माहीत झाली. बासरीवर अमर ओक आहेत, ढोलकीवर नीलेश परब आहेत, हे माझ्या सासूबाई सांगायच्या. त्याआधी त्यांच्या लेखी साथीदार म्हणजे 'मागची माणसं'. ज्या पिढीनं हिंदी सिनेमाच्या गाण्यांपलीकडे काही ऐकलं नव्हतं, त्या पिढीच्या कानावर नाट्यगीतं, अभंग, लावण्या, भावगीतं पडली. हे श्रेय त्या पर्वाचं आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये.

पण तेव्हाही एक हिशेब कुणी मांडला नाही. सात-आठ महिन्यांत त्या मंचावर किती गाणी गायली गेली असतील! त्यातली बहुतेक चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली, कुणीतरी बांधलेली, कुणीतरी आधीच अजरामर करून ठेवलेली. वाडवडिलांनी लावलेल्या आमराईतला तो आंबा होता. गोडच लागणार. पण आपण हंगामामागून हंगाम पाट्या भरून घेऊन गेलो आणि कलम एकही लावलं नाही.

ती आमराई कुणी लावली, हेही बघण्यासारखं आहे. मंगेश पाडगावकर आणि यशवंत देव हे दोघं मुंबई आकाशवाणीच्या नोकरीत होते. म्हणजे पगारी कवी आणि पगारी संगीतकार एका इमारतीत, आणि 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमासाठी नवं गाणं करणं हा त्यांच्या कामाचाच भाग. पुणे केंद्रानं १९५५ च्या रामनवमीला 'गीतरामायण' सुरू केलं. सीताकांत लाड या अधिकाऱ्याच्या आग्रहातून गदिमा आणि सुधीर फडके आठवड्याला एक गाणं देत गेले. वर्षभराची मालिका, त्यात अधिक महिना आला, म्हणून ५२ ची ५६ झाली. छप्पन्नच्या छप्पन्न नवी. त्यातलं एकही गाणं श्रोत्यांनी आधी ऐकलेलं नव्हतं. दर आठवड्याला लोक रेडिओभोवती बसायचे ते आज काय नवीन येणार, या उत्सुकतेनं.

माझे वडील रेडिओ लागला की वही घेऊन बसायचे. निवेदिका गाण्याआधी तीन नावं सांगायची: गीत अमुक, संगीत तमुक, गायक-गायिका अमुक. बाबा आधी ती तीन नावं लिहायचे आणि मग शब्द. शब्द निसटले तर पुढच्या वेळी भरता येतील, नावं निसटली तर संपलं, असं त्यांचं म्हणणं. ती वही अजून माझ्याकडे आहे. काही पानांवर गाण्याच्या निम्म्या ओळी कोऱ्या आहेत, पण वरची तीन नावं मात्र एकूणएक पानावर आहेत. टीव्हीवरच्या स्पर्धेत ती नावं पट्टीवर येऊन दोन सेकंदांत जातात, आणि त्याच वेळी पडद्यावर स्पर्धकाच्या आजीचे डोळे भरून आलेले असतात. कुणाची छाती आहे पट्टी वाचायची?

आकाशवाणीच्या स्वरचाचणीत गाणाऱ्याचं घर कसं आहे, वडील काय करतात, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच नव्हता. आवाज तेवढा पोचायचा. त्या पद्धतीतही खोट होती, ती भल्याभल्यांनी सोसली. जुने कलावंत त्या श्रेणीपद्धतीवर चिडून होते आणि हार्मोनियमला तर आकाशवाणीनं कित्येक वर्षं दारातच उभं ठेवलं होतं. तेव्हा सरकारी रेडिओची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. पण नव्या गाण्याचा खर्च कुणीतरी करावा लागतो, हे त्या यंत्रणेला माहीत होतं आणि ती तो करत होती. आता गाण्याभोवती तेव्हापेक्षा कितीतरी जास्त पैसा फिरतो. तो दिवे, एलईडीच्या भिंती आणि पाहुण्यांच्या मानधनावर जातो.

गंमत अशी की त्या गाजलेल्या पर्वाची विजेती या बाबतीत थोडी वेगळी होती. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गाणारे आणि चाली बांधणारे. त्यांनी बांधलेल्या चालीतली गवळण ती त्या मंचावर गायली आणि ती गवळण गावोगावच्या लाउडस्पीकरवर वाजली. निकालानंतर पुण्या-मुंबईकडच्या घरांत बरीच कुरबुर झाली. आर्याच जिंकायला हवी होती वगैरे. आमच्याही घरी झाली. आज मागे वळून बघताना मला वाटतं, इतर चौघं तोलामोलाचीच गात होती, पण लोकांना आधी माहीत नसलेलं काहीतरी घेऊन आलेली ती एकच होती. मतं त्यासाठीच पडली असं मी म्हणणार नाही. मतं कशासाठी पडतात हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. २००७ च्या इंडियन आयडॉलमध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल यांच्यासाठी आख्खे डोंगर मत द्यायला बसले होते आणि त्यात गाण्याचा वाटा किती, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही. मतदानावर मी एवढंच बोलणार. तो उकिरडा उकरून हाती काही लागत नाही.

पुढे त्या मुलांचं काय झालं, तेही बघा. पाचही जण गात आहेत, कार्यक्रम करतात, नाव कमावून आहेत. कुणाची फरफट झाली नाही. पण रोहित राऊत २०१९ मध्ये इंडियन आयडॉलच्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ज्याचं नाव माहीत, तो मुलगा अकरा वर्षांनी पुन्हा नंबर लावलेला बिल्ला छातीवर लावून परीक्षकांसमोर उभा. आणि २०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' परत आलं, तेव्हा हेच पाच जण परीक्षकांच्या जागी बसले. स्पर्धेतून निघालेला रस्ता फिरून स्पर्धेच्याच दारात येतो, कारण मधल्या वाटेवर गाणं नावाचं गाव वसवायचं राहून गेलं.

याउलट श्रेया घोषाल बघा. तीही 'सा रे ग म'च्या मुलांच्या स्पर्धेतलीच. पण ती स्पर्धा जिंकली म्हणून आपण तिला ओळखत नाही. संजय लीला भन्साळींनी तिचा आवाज हेरला आणि 'देवदास'मध्ये तिला नवी गाणी मिळाली, म्हणून ओळखतो. २००५ चा पहिला इंडियन आयडॉल, आपला अभिजीत सावंत, त्यालाही बक्षिसात अल्बमचा करार होता आणि त्या अल्बममधली गाणी नवी होती. कॅसेट-सीडीचा बाजार बसला तसा तो करारही बसला. आता विजेत्याला धनादेश मिळतो, मोटार मिळते. गाणं मिळालंच तर क्वचित.

यावर वाहिन्यांकडून जे उत्तर येतं ते पाठ झालंय: लोकांना ओळखीचंच गाणं हवं असतं, अनोळखी गाणं लागलं की रिमोट हलतो. वाटतं खरं. पण हे उत्तर ज्या वाहिनीकडून येतं, तिच्याच पडद्यावर संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत मालिकांची शीर्षकगीतं वाजत असतात. 'आभाळमाया' आणि 'वादळवाट' यांची शीर्षकगीतं मंगेश कुलकर्णींनी लिहिली, अशोक पत्कींनी बांधली. जेमतेम दीड-दोन मिनिटांची. मालिका कशाबद्दल होती हे विसरलेली माणसंसुद्धा ती आज पूर्ण म्हणून दाखवतात. ती गाणी पहिल्या दिवशी अनोळखीच होती ना? वाहिनीनं ती रोज लावली, लोकांनी रोज ऐकली, महिन्याभरात ती घरची झाली. म्हणजे नवं गाणं मराठी घरात कसं रुजवायचं, हे महाराष्ट्रात कुणाला सर्वांत चांगलं ठाऊक असेल तर ते या वाहिन्यांनाच. फक्त ते कसब त्या गाण्याच्या स्पर्धेत वापरत नाहीत.

विनोदाच्या कार्यक्रमांचं बघा. सोनी मराठीवरची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये स्पर्धा म्हणूनच सुरू झाली. तिथं कुणी उभं राहून पुलंचा उतारा पाठ म्हणत नाही. दर आठवड्याला नवं प्रहसन लिहावं लागतं. लिहिणाऱ्यांचा घाम निघतो, कधी प्रहसन पडतंही, पण त्या घामातून नट तयार झाले आणि लेखकही. गाण्यालाच तेवढा पूर्वपुण्याईवर जगायचा परवाना कुणी दिला?

अडचण खरी कुठं आहे, ते चित्रीकरणाजवळच्या माणसांशी बोलल्यावर कळतं. एका दिवसात भागामागून भाग उरकायचे असतात. जुनं गाणं वाद्यवृंदाला येत असतं, मुलाला येत असतं, पाहुण्याला माहीत असतं. नवं गाणं म्हणजे कवी शोधा, चाल बसवा, मुलाकडून ती घोटून घ्या, आणि एवढं करून ते लोकांना आवडेल याची हमी नाही. शिवाय मुलांना राबवायलाही आता मर्यादा आहे, आणि ती हवीच. २०१७ च्या बालकामगार नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि मिळकतीचा किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. तेव्हा नवं गाणं महाग पडतं हे मान्य. पण एका पर्वात मी वीस नवी गाणी मागत नाहीये. पाच मागतेय. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाला एक. आधीपासून तयार केलेलं, त्याच्या गळ्यासाठी बांधलेलं, आणि ते शेवटच्या महिन्यात दर भागात पुन्हा पुन्हा वाजवलेलं, शीर्षकगीतासारखं. कवीला आणि संगीतकाराला मंचावर बोलवा, दोन मिनिटं बोलू द्या. आजीचे अश्रू दोन मिनिटांनी कमी होतील, तेवढं आम्ही सोसू.

यातून परीक्षकांचीही सुटका होईल. जुन्या गाण्याला परीक्षक काय बोलणार? मूळ गायिकेसारखं गायलं तर "अगदी त्यांचीच आठवण झाली", तसं नाही गायलं तर "तू त्यात तुझं काहीतरी आणलंस". दोन्ही बाजूंनी छापाच. २०२१ मध्ये इंडियन आयडॉलमध्ये किशोरकुमारांच्या गाण्यांवरचा भाग झाल्यावर त्यांचे चिरंजीव अमितकुमार यांनीच उघड सांगितलं की स्पर्धकांचं कौतुक करायला मला सांगितलं होतं. लोकांना धक्का बसला. मला बसला नाही. साठ वर्षं जुन्या, सगळ्यांच्या लाडक्या गाण्यावर पाहुण्यानं वेगळं बोलायचं तरी काय? अनोळखी गाणं समोर आलं की तुलनेला आधार उरत नाही. मग ऐकावं लागतं. शब्द कळले का, चाल गळ्यात बसली का, मुलानं ती स्वतःची केली का, हे सांगावं लागतं. त्याला परीक्षण म्हणतात.

आणि खऱ्या परीक्षणाला 'नाही' म्हणायची मुभा लागते. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चाललाय. महाविद्यालयातली हौशी पोरं एकांकिका करतात, त्यातल्या कितीतरी त्यांच्यापैकीच कुणीतरी लिहिलेल्या. मराठी रंगभूमीला या स्पर्धेनं किती माणसं दिली ते सांगायला नको. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेवढ्या तोडीचं काही दिसलं नाही म्हणून. केवढा गहजब झाला! मुलांचा हिरमोड झाला, वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं, आणि मलाही तो निर्णय जरा कठोरच वाटला होता. पण तो घेता आला, कारण ती स्पर्धा नवं काय केलंत, असं विचारते. टीव्हीवर महाअंतिम सोहळ्याच्या रात्री, प्रायोजकाची मोटार फुलांनी सजवून मंचावर उभी असताना, परीक्षक म्हणतील का, की यंदा कुणालाच नाही?

आता थोडं घरचं. वाहिन्यांना शहाणपण शिकवून झालं, तर आपल्या हातात सोसायटीची स्पर्धा असतेच. गेल्या वर्षी मी कमिटीत एक फेरी सुचवली: मुलांनी असं गाणं म्हणायचं, जे आपल्या ओळखीच्या कुणीतरी लिहिलंय आणि बांधलंय. कमिटीत हशा पिकला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो वहिनी, इथं मेंटेनन्सची नोटीस धड लिहायला कुणी नाही." तरी फेरी ठेवली. तीन नावं आली. एकाची चाल दोन तृतीयांश उसनी होती, हे चौथीतल्या मुलांनीही ओळखलं. दुसरं गाणं शाळेच्या बाईंनी लिहिलेलं, पाणी वाचवा छापाचं.

तिसऱ्या नंबरला तीच मुलगी, आता दहा वर्षांची. या वेळी गजरा नव्हता, ट्रॅकही नव्हता. बी विंगमधले पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा पेटी घेऊन बसले होते. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. गाणं होतं पावसात अडकलेल्या लोकलबद्दल. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात ती अडखळली, एक ओळ गाळून पुढच्या ओळीवर गेली आणि तिनं चटकन आजोबांकडे बघितलं. सवयीनं तिची आई पिंपाशेजारी उभी होती, पण तिचे हात खालीच होते. कुठली जागा दाखवायची, हे तिलाही माहीत नव्हतं. आजोबांनी पेटीवर ती ओळ वाजवून घेतली आणि मान हलवली. मांडवात कुणालाच काही कळलं नाही. चुकलंय, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

गुणांचा कागद पुढे ओढून मी विचारलं, "कुणाचं गं गाणं?"

तिनं पेटीकडे बोट दाखवलं. मग जरा थांबून म्हणाली, "आमचं."